उड्डाण फक्त मुखपृष्ठावर

"हात वर करा," मगदूम साहेब म्हणाले.

मी हात वर केले. बगलेत शिवण उसवल्याचा बारीक आवाज झाला.

"इतके वर नका करू. अर्धे करा. हां, चालतंय की."

चालत नव्हतं. सांगलीतल्या ज्या शिंप्याकडे तो पोशाख टाकला होता, तो एरवी लग्नाच्या बँडवाल्यांचे गणवेश शिवायचा. सुपरहिरो म्हणजे काय, हे मगदूम साहेबांनी त्याला फोनवरून समजावलं होतं. त्यानेही समजून घेतलं आणि त्याला जे येत होतं तेच शिवलं. गर्द हिरवा कोट, छातीवर दोन रांगांत पितळी बटणं, खांद्यांवर सोनेरी झुपके. सुपरहिरोची खूण म्हणून पाठीवर एक लाल मखमली झूल तेवढी लोंबत होती. माप घेतलं होतं एका सडपातळ हौशी नटाचं. अंकाच्या प्रकाशनाच्याच दिवशी सकाळी त्याचा निरोप आला की कुपवाडला एका फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन आहे आणि तिथे राजा म्हणून उभं राहायचं आहे. राजा आणि आमचा सुपरहिरो टिचकी यांत त्याने राजा निवडला. मी त्याला तेव्हाही दोष दिला नाही.

"लेखक तुम्हीच," मगदूम साहेब मला म्हणाले. "टिचकीचं मन तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मन ठाऊक होतं. पण कोट मनावर चढवायचा नव्हता.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. मगदूम साहेबांची प्रकाशन संस्था तेव्हा गाईड आणि कॅलेंडर काढायची, आणि मी त्यांच्या गाईडांतले निबंध लिहायचो. 'मी पाहिलेला पूर', 'मी पाहिलेला अपघात', 'मी पाहिलेली आग'. यांतलं मी काहीच पाहिलं नव्हतं, पण जिल्ह्यातल्या निम्म्या मुलांनी माझ्याच डोळ्यांनी ते पाहून परीक्षेत उतरवलं होतं. असं सुखाचं चाललं असताना साहेबांचा नातू पुण्याहून सुट्टीला आला. तो जेवणाच्या टेबलाखाली बसून इंग्रजी सुपरहिरोची चित्रकथा वाचत होता. आजोबांनी त्याला काहीतरी विचारलं, तर नातवाने मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावून जाहीर केलं की मराठी मुलांना स्वतःचा सुपरहिरो हवा. तोही अगदी लहान, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. एवढ्या लहानांसाठीच का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, त्याहून मोठी मुलं दुकानात रडत नाहीत.

चित्रं काढायला शकीला मुल्ला होत्या. मिरजेच्या एका मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. ती नोकरी सोडून आमच्याकडे आल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. जीवशास्त्राच्या गाईडात बेडकाची पचनसंस्था त्यांच्यासारखी कुणी काढत नसे. त्यांनी अशाच एका बेडकाच्या कागदामागे टिचकी काढला. बुटका, गोल, मोठ्या कानांचा, आणि उजव्या हाताचं मधलं बोट अंगाच्या मानाने अवाढव्य. त्या बोटाची एक टिचकी मारली की डोंगर बाजूला सरकायचा, दरोडेखोर तळ्यात पडायचा आणि रुसलेला ढग गडगडायचा. मला तो पाहताक्षणी आवडला. मुल्ला बाईंनाही आवडला असावा. त्या दिवशी त्यांनी बेडूक अर्धवट टाकला.

मग साहेबांनी समिती नेमली. समितीत तज्ज्ञ म्हणून डॉक्टर आवटी आले. आवटी होमिओपॅथ होते आणि मगदूम साहेबांचे साडू होते. 'आपलं मूल आणि आपण' या विषयावर त्यांनी एकदा भाषणही दिलं होतं. एवढ्या तीन कारणांवर त्यांना बालमानस कळतं असं ठरलं होतं.

पहिल्याच बैठकीत डॉक्टरांनी टिचकी काढून घेतली. मुलं एकमेकांच्या कानांवर टिचक्या मारतील, म्हणाले. मी म्हणालो, त्याचं नावच टिचकी आहे. नाव राहू द्या, ते म्हणाले, फक्त त्याने ती मारायची नाही. शेवटी आमच्या नायकाने टिचकी मारून घरातला दिवा बंद करावा आणि वीज वाचवावी, अशी तडजोड झाली. दुसऱ्या बैठकीत खलनायक गेला. आमचा राक्षस मुल्ला बाईंनी मोठ्या प्रेमाने काढला होता, त्याच्या प्रत्येक दाताला वेगळा स्वभाव होता. मुलं रात्री घाबरतील म्हणून आधी त्याचे दात गेले, मग शिंगं, मग वाईटपणा. उरला तो कंटाळासुर. त्याला फक्त दात घासायचा कंटाळा यायचा, आणि घासायला आता दातही नव्हते. पुढच्या बैठकीत चड्डीचा प्रश्न निघाला. परदेशी सुपरहिरो चड्डी विजारीवरून घालतात, आणि बालवाडीतल्या बायका मुलांना वर्षभर उलटं शिकवत असतात. यावर डॉक्टर इतका वेळ बोलले की मध्ये दोनदा चहा झाला.

शेवटी राहिलं उडणं. मुलं गॅलरीतून उड्या मारतील, असं म्हणून डॉक्टरांनी तेही खोडलं. इथे मात्र मगदूम साहेब अडून बसले. न उडणारा सुपरहिरो विकायचा म्हणजे न वाजणारा बँड विकायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही साडू एकमेकांशी बोलेनासे झाले. मग घरातून दोघांच्या बायकांचे फोन आले आणि ठराव झाला. तो मुल्ला बाईंनी आपल्या सुंदर अक्षरात लिहून घेतला: उड्डाण फक्त मुखपृष्ठावर.

असा आमचा पहिला अंक निघाला. त्यात टिचकी उठतो, दूध पितो, कंटाळासुराला चार समजुतीच्या गोष्टी सांगतो, दिवा बंद करतो आणि झोपतो. छापून आलेला अंक मुल्ला बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला.

"ओतारी," त्या मला म्हणाल्या, "ह्यापेक्षा माझ्या बेडकाच्या आयुष्यात जास्त घडतं."

प्रकाशन इचलकरंजीला एका बालवाडीत ठेवलं होतं. तिथल्या एका सायझिंगवाल्यांशी, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या मालकांशी, साहेबांची जुनी ओळख होती. मांडव, पताका, पाहुण्यांचं जेवण, सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं. आम्ही जीपमधून निघालो. वाटभर मी सरळ बसलो होतो, कारण वाकलं की पाठीत शिवण बोलायची. माझे कपडे मागच्या पिशवीत होते आणि मी घरच्या माणसांची आठवण यावी तशी त्यांची आठवण काढत होतो.

बालवाडी म्हणजे उंच छताची एकमजली इमारत. पुढे अंगण, मागे गच्चीवर जायला लोखंडी शिडी. वर आणखी एक मजला चढायचा होता म्हणून गच्चीला कठडा बांधला नव्हता. मजला काही चढला नाही, कठडाही झाला नाही. अंगणात मुलं, त्यांच्यामागे पालक, आणि सगळ्यांच्या पुढे वर्तमानपत्रांचे दोन फोटोवाले. बालवाडीच्या लीलाताई प्रत्येक मुलाचं नाक पुसत रांगेतून फिरत होत्या.

पडद्याआडून गुलाबी रंग उधळला गेला आणि मी व्यासपीठावर आलो. टाळ्या पडतील अशी साहेबांची अपेक्षा होती. मुलांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. एक जण रडायला लागला. पहिल्या रांगेतल्या मुलीने लीलाताईंना विचारलं, लग्न कुणाचं आहे.

साहेबांनी माईक हातात घेतला. टिचकी किती शूर, किती गुणी, हे सांगितलं. मुलं जांभया देतात असं दिसल्यावर त्यांना स्फुरण चढलं आणि ते म्हणाले की बाळांनो, हा तुमचा टिचकी आज सकाळी सांगलीहून उडत उडत इथे आलाय. कृष्णा नदी त्याने वरून पाहिली. समितीच्या ठरावाचा हा उघड भंग होता. डॉक्टर आवटींनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरलं.

तेवढ्यात वरून हाक आली.

"ए टिचकी."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. गच्चीच्या अगदी कडेला पाचेक वर्षांची एक मुलगी उभी होती. अंगात फिका झगा, आणि गळ्याशी गाठ मारून पाठीवर सोडलेली लाल ओढणी. ती वाऱ्याने माझ्या झुलीसारखीच फडफडत होती. लीलाताईंच्या तोंडून 'कस्तुरी' एवढंच निघालं. कस्तुरीला सर्दी होती म्हणून त्यांनी तिला आत चटईवर झोपवून ठेवलं होतं.

"अनुकरण," डॉक्टर आवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती आणि थोडं समाधानही होतं. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"उडून दाखव," कस्तुरी म्हणाली. "वर ये की उडून."

दोनशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. मगदूम साहेब माझ्या कानाशी आले. फोटोवाले आहेत, ते हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटले, येत नाही असं म्हणू नका, वारा नाही म्हणून सांगा.

"आज वारा नाही," मी म्हणालो.

"पताका तर हलाय लागल्यात."

सगळ्यांनी पताकांकडे पाहिलं. पताकांनी आमची काहीही भीड ठेवली नाही.

डॉक्टर दुसऱ्या कानाशी आले आणि दुधावर घ्या म्हणाले. मी सांगितलं की उडायच्या आधी टिचकीला दूध प्यावं लागतं आणि आज तो न पिता आलाय. यावर कस्तुरीने वरूनच हुकूम सोडला की लीलाताई, ह्याला दूध द्या. आणि खरोखर कुणीतरी आतून पेला भरून आणला. मुलांच्या खाऊसाठी तापवलेलं ते दूध होतं. मी ते दोनशे माणसांसमोर, बँडच्या कोटात, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. फोटोवाल्यांनी तेवढ्यात दोन फोटो काढून घेतले.

"प्यालास? ये आता."

मी रिकामा पेला उलटा करून दाखवला. कस्तुरी आणखी एक पाऊल पुढे आली. तिच्या पायाची बोटं आता कडेबाहेर दिसत होती.

"मग मी येऊ का खाली?" ती म्हणाली.

अंगणातल्या बायकांनी पदर तोंडात घेतले. पाच-सहा बाप्यांनी व्यासपीठावरचं जाजम ओढलं, त्यावरच्या खुर्च्या आणि स्वागताध्यक्ष कलंडले. जाजमाची टोकं धरून ते गच्चीखाली उभे राहिले आणि ते किती ताणून धरायचं यावर लगेच भांडायला लागले. मुल्ला बाई तेवढ्यात कुणाला न सांगता मागच्या शिडीकडे गेल्या होत्या. त्यांच्या चपलेचा शिडीवर आवाज झाला. कस्तुरीने तो ऐकून मागे मान वळवली, तशी तिची एक टाच कडेवर फिरली. जाजमवाले भांडण अर्धवट टाकून वर बघायला लागले. मुल्ला बाई तिथेच थांबल्या असाव्यात, कारण पुन्हा आवाज आला नाही.

मला उंचीची भीती वाटते. आजही वाटते. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा असला तरी आमच्याकडे तो बायको बदलते. पण दुसऱ्या कुणाला उंचावर पाहून आपले पाय जातात, हे मला त्या दिवशी कळलं. खांद्यांवरचे सोनेरी झुपके माझ्यासकट थरथरत होते. साहेब अजून काहीतरी सुचवत होते. टिचकीची शक्ती आज सुट्टीवर आहे असं काहीसं. मी त्यांच्या हातातला माईक खाली केला.

"कस्तुरी," मी म्हणालो, "मला उडता येत नाही."

"आं?"

"येत नाही. कधीच आलं नाही. मी जीपमधून आलोय."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"मग ते म्हणाले ते?"

"ते खोटं."

"मग शिडीनं ये."

"शिडीही चढता येत नाही मला. भीती वाटते. तू वर उभी आहेस तर मला इथे खाली भीती वाटतेय."

तिने डोकं एका बाजूला कलतं करून माझ्याकडे पाहिलं.

"रडाय लागलास व्हय?"

मला ते माहीत नव्हतं. गालाला हात लावला तेव्हा तो ओला लागला. मी हो म्हणालो.

"थांब तिथंच. हलू नको," कस्तुरी म्हणाली. "मी येतो खाली."

इचलकरंजीतल्या पोरी 'येते' म्हणत नाहीत, 'येतो'च म्हणतात. तो शब्द ऐकल्यावर जाजमवाल्यांनी जाजम इतकं ताणलं की ते मधोमध टरकलं. पण ती कडेवरून मागे वळली आणि दिसेनाशी झाली. मग मागच्या बाजूने भराभर पावलांचा आवाज आला, आणि पाठोपाठ 'बाई, सरका की' असं एक वाक्य. मुल्ला बाईंनी नंतर मला सांगितलं की त्या शिडीच्या मध्यावर दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून उभ्या होत्या, आणि ती त्यांच्या कुशीखालून खारीसारखी उतरून गेली.

ती गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. मी व्यासपीठाच्या कडेला बसलो होतो. तिने ओढणीचं टोक घेतलं आणि लीलाताई पुसत तसं दाबून माझं नाक पुसलं. मग माझं मधलं बोट धरून ती शेजारी उभी राहिली आणि लोकांना म्हणाली, ह्याला पाणी द्या. त्या अंगणात तेवढी एकच व्यक्ती शुद्धीवर होती.

पाणी आलं. लीलाताई तिला जवळ घेऊन रडल्या, मग तिला एक धपाटा घातला, मग पुन्हा जवळ घेतलं. आता डॉक्टर आवटींची वेळ आली होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि फोटोवाल्यांना ऐकू जाईल इतक्या मायेने त्यांनी विचारलं, "बाळ, तुला उडी का मारावीशी वाटली?"

"कुठं?"

"वरून. टिचकीसारखी."

कस्तुरीने त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. हा माणूस बरा आहे ना, असं ती मला विचारत होती.

"उडी कशाला मारू?" ती म्हणाली. "पाय मोडंल की."

"पण 'मी येऊ का खाली' म्हणालीस ना तू?"

"शिडीनं."

"आणि त्याला उड उड म्हणत होतीस ते?"

तिने बोट मगदूम साहेबांकडे केलं. "ते म्हणाले न्हवं का, उडत आलाय म्हणून. खरं हाय का बघत होतो."

डॉक्टरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून अंक तिच्यापुढे धरला आणि हे पुस्तक तू किती वेळा पाहिलंस, असं विचारलं. कस्तुरीने मुखपृष्ठावरच्या उडत्या टिचकीकडे पाहिलं, पुस्तक उलटं करून पाहिलं आणि हे कुठलं, असं विचारलं. अंकांचे गठ्ठे अजून सुतळीत बांधलेलेच होते. ओढणीचं विचारलं, तर ती आईने सर्दीसाठी बांधली होती.

म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर आमच्या सुपरहिरोचा परिणाम होईल म्हणून आम्ही वर्षभर डोकी फोडली, आणि ज्या एका मुलीवर तो झाला असं आम्हाला वाटलं, तिने पुस्तक पाहिलंही नव्हतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'टिचकीच्या प्रसंगावधानाने बालिका बचावली'. सोबत मगदूम साहेब कस्तुरीच्या डोक्यावर हात ठेवून उभे असल्याचा फोटो होता. मी त्यात खांद्याच्या झुपक्यापुरता होतो. साहेब मला कामावरून काढणार होते. बातमी पाहून त्यांनी विचार बदलला आणि जाहिरात दिली, 'बालमनावर खोल परिणाम करणारी पहिली मराठी चित्रकथा'. पालकांनी ती बातमी आणि ही जाहिरात शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि जो अर्थ निघायचा तो काढला. दोन-तीन तालुक्यांतल्या शाळांनी अंकावर बंदी घातली. दुसरा अंक तयार होता. तो तसाच राहिला. डॉक्टर आवटींचं मात्र चांगभलं झालं. 'चित्रकथा: बालमनाला धोका' या विषयावर ते पुढची कित्येक वर्षं गावोगाव भाषणं देत होते आणि प्रत्येक भाषणात कस्तुरी थोडी आणखी कडेला जात होती. मी ऐकलेल्या त्यांच्या शेवटच्या भाषणात तिला मी हवेत झेललं होतं. मुल्ला बाई बेडकांकडे परतल्या. मी निबंध लिहायचं सोडलं आणि एका शाळेत मास्तर झालो. मुलांसाठी अजूनही लिहितो, फार नाही.

पण त्या दुपारी सगळे पांगल्यावर जे झालं, ते बातमीत आलं नाही आणि डॉक्टरांच्या भाषणातही नाही.

पाहुणे सायझिंगवाल्यांकडे जेवायला गेले. त्या गडबडीत कुणालाच माझी आठवण राहिली नाही. जीप गेली आणि तिच्यासोबत माझे कपडेही गेले. मी बालवाडीच्या पायरीवर त्या हिरव्या कोटात बसून राहिलो. लीलाताई आत मुलांना झोपवत होत्या. कस्तुरी बाहेर आली, माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, चल.

ती मला मागे शिडीपाशी घेऊन गेली. मी नको म्हणालो. मग मी तिला सांगितलं की ताई रागावतील. ताई झोपल्यात, ती म्हणाली, पोरांना झोपवता झोपवता त्या रोजच झोपतात.

"वर बघत चढ," तिने मला सांगितलं. "खाली बघायचं न्हाई. मी म्होरं हाय."

मी ती शिडी कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. तिच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोर होत्या, मळलेल्या आणि अगदी निवांत. मी त्यांच्याकडे बघत गेलो. बगलेची शिवण पुरती गेली. वर पोचल्यावर मी पाण्याच्या पाइपाला मिठी मारून बसलो. ती सरळ कडेला जाऊन उभी राहिली. मी तिला मागे यायला सांगितलं, तर ती माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की शेवटी मीच गुडघ्यांवर पुढे सरकलो, तिच्या झग्याची मागची पट्टी मुठीत धरली आणि मान वर केली.

समोर पत्र्यांची छपरं पसरली होती. यंत्रमागांचा खटखटाट इथे खाली होता त्याहून जास्त येत होता, आणि तो एका दिशेचा नव्हता, सगळं गावच वाजत होतं. कस्तुरीने बोट केलं. पलीकडच्या रस्त्याला कारखान्याचं निळं दार आहे का, तिथे आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते. पाळी सुटली की त्या दारातून बाहेर येते. रोज सगळे झोपले की ती इथे येऊन उभी राहते, मग आई दिसते, मग ती खाली जाऊन चटईवर आडवी होते, म्हणजे आई आल्यावर तिला झोपेतून उठवावं लागतं.

"आईला माहीत आहे?" मी विचारलं.

"न्हाई. मी हात करतो रोज. ती वर बघतच न्हाई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वर बघणारी माणसं असतात आणि न बघणारी असतात, एवढंच ती सांगत होती.

आम्ही पाळी सुटायची वाट बघत राहिलो. ऊन तापलं होतं. पितळी बटणं हाताला चटके देत होती. मग भोंगा झाला, निळं दार उघडलं आणि बायका बाहेर पडल्या. डोक्याला फडकी बांधलेल्या, हातात डबे. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. ती मधली, कस्तुरी म्हणाली, न्हाई, तिच्या मागची. आणि तिने हात वर केला आणि रोजच्यासारखा हलवायला लागली.

तिच्या मागची बाई खाली मान घालून चालत होती. चालता चालता तिने ऊन टाळायला कपाळावर हात धरला आणि वर पाहिलं. मला वाटतं माझ्या खांद्यांवरचे ते सोनेरी झुपके उन्हात लकाकले असावेत. ती थांबली. मागून येणाऱ्या बायका तिच्यावर आदळल्या. कठडा नसलेल्या गच्चीवर आपली पोर उभी आहे, आणि तिच्यामागे गुडघ्यांवर बसलेला, लाल झूल पांघरलेला, हिरव्या कोटातला कुणी बँडवाला तिचा झगा धरून आहे, हे तिला तेवढ्या लांबून किती दिसलं असेल ते मला माहीत नाही. पण पुरेसं दिसलं. तिने हातातला डबा शेजारणीच्या अंगावर टाकला, साडी दोन्ही हातांनी वर धरली आणि ती धावत सुटली. सायकलवाले बाजूला झाले. एक हातगाडी वाटेत आली, ती तिने वळसा न घालता ओलांडली.

कस्तुरीचा हात हवेतच राहिला. ती आईकडे बघत होती, पुढे झुकून, आणि मी झग्याची पट्टी दोन्ही हातांनी धरली होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"बघ," ती मला म्हणाली. "रोज एवढ्या घाईनं येत न्हाई."